‘सारवासारव’ नेमकी कधी म्हणायची?

वेलांटी: बातम्यांचं संपादन करताना ‘उत्तर देण्यास टाळाटाळ’, ‘उडवाउडवीची उत्तरे’ आणि ‘सारवासारव’ सर्रास एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. खरं बोलायचं टाळणं एवढाच अर्थ घ्यायचा, की यांत फरक आहे? आणि ‘प्रश्नाची सारवासारव केली’ हे चालेल का?

कानामात्रा: नाही चालणार. सारवासारव प्रश्नाची होत नाही. जे बोलून किंवा करून झालंय त्याची होते. आधी काहीतरी उघडं पडलेलं हवं. मंत्री काल एक बोलले, गदारोळ झाला, आज म्हणाले ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’, ही सारवासारव. प्रश्न विचारला पालिकेच्या पाण्याचा आणि उत्तर आलं राज्यातल्या पावसाचं, तर ती उडवाउडवी. उत्तरच दिलं नाही, ‘उद्या या’ म्हटलं, तर टाळाटाळ. टाळाटाळीत खोटं असायलाच हवं असं नाही. माणूस कर्ज फेडायलाही टाळाटाळ करतो.

लिहिताना एक जपा: ‘चुकीची सारवासारव’ म्हणजे चूक झाकणं, की सारवासारवच चुकली? ‘चूक उघड झाल्यावर सारवासारव’ असं लिहा. ‘उडवाउडवी’ही एकटी सोडू नका, ‘उडवाउडवीची उत्तरं’ म्हणा. नुसतं ‘उडवाउडवी केली’ म्हटलं की पैसे उडवल्यासारखं वाटतं.

ओटीपडवी: शब्द मातीच्या जमिनीवरून आलाय, ते लक्षात ठेवलं तर घोळ होत नाही. शेण पाण्यात कालवून हाताने पातळ थर फिरवायचा, म्हणजे सारवणं. त्याने पोपडे, बारीक भेगा दिसेनाशा होतात, पण खळगा भरत नाही. तो भरायला माती घालून चोपावी लागते. खळग्यावर नुसतं सारवलं तर वाळल्यावर तिथेच पुन्हा तडा जातो.

वेलांटी: मग ‘नरो वा कुंजरो वा’ यात कुठे बसतं? पक्षाने भूमिका घेतली नाही की हेच लिहितात.

पोथीवाला: इथे गंमत आहे. द्रोणपर्वात अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने मारलेला होता आणि युधिष्ठिराला ते पक्कं ठाऊक होतं. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ‘अव्यक्तमब्रवीद्राजन् हतः कुञ्जर इत्युत’ असं आहे. म्हणजे ‘हत्ती’ हा शब्द त्याने अस्पष्ट उच्चारला. ‘माणूस की हत्ती, कोण जाणे’ असा संशय त्याने घेतलाच नव्हता. गोष्टीप्रमाणे अर्थ होतो: शब्दशः खरं बोलून ऐकणाऱ्याची फसगत करणं. मराठीत मात्र दोन ‘वा’मुळे ‘हेही नाही, तेही नाही’ असा अर्थ रुळला.

कानामात्रा: रुळलाय खरा, पण मला तो खटकतो. कुंपणावर बसणाऱ्याला ‘तळ्यात-मळ्यात’ हा चांगला शब्द आहे. ‘नरो वा’ फसव्या अर्धसत्यासाठी राखावं.

पोथीवाला: रूढीपुढे इलाज नाही. ‘नरो वा कुंजरो वा भूमिका’ आज सगळ्यांना कळते, ती कापायची गरज नाही. पण सौद्यात ‘गाडीला अपघात झालेला नाही’ असं सांगून ती पुरात बुडाली होती हे गिळलं, तर तिथे हाच वाक्प्रचार चपखल बसेल. ‘सारवासारव’ बसणार नाही, कारण अजून काहीच उघड झालेलं नाही.

वेलांटी: ‘मखलाशी’ राहिली.

कानामात्रा: ती झाकण्यापेक्षा चतुराईने पटवण्याची. ‘दरवाढ नाही, सुसूत्रीकरण आहे, अशी मखलाशी केली.’ पाठोपाठ ते कारण द्यावं लागतं, नाहीतर वाक्य लंगडं पडतं.