लांब राहून छोटी बिल्डिंग कशी सांभाळायची?

सहा फ्लॅटची बिल्डिंग आहे, वडिलोपार्जित, सगळे भाडेकरू. नोकरीमुळे मी आता दुसऱ्या शहरात असते, सारखं जाणं जमत नाही. भाडं खात्यात येतं, ते ठीक आहे, पण मोटर बंद पडली किंवा वरच्या बाथरूमचं पाणी खाली गळायला लागलं की रात्री फोन मला येतो आणि मी इथून प्लंबर शोधत बसते, तोवर त्या लोकांचे हाल. मॅनेजमेंट कंपनीला द्यावं का तिथलाच माणूस ठेवावा? विकायची नाहीये.

प्रतिसाद १
तिथलाच माणूस ठेवा, पण त्याला अधिकार द्या. नुसता निरोप्या ठेवलात तर तो पण तुम्हालाच फोन करणार ना. एक रक्कम ठरवा, तेवढ्याच्या आतलं काम त्याने न विचारता उरकायचं, वरचं असेल तर फोटो आणि दोन कोटेशन. पाण्याचं आणि विजेचं काम मात्र थांबवायचं नाही, आधी काम मग हिशोब. हे सगळं लेखी हवं आणि पैसे त्याच्या हातात न देता थेट कारागिराच्या खात्यात टाका, काम झालं का ते त्या फ्लॅटवाल्याला विचारूनच.

प्रतिसाद २
माणूस कोणीही असो, आधी वॉल्व! प्रत्येक फ्लॅटचं पाणी कुठून बंद होतं ते तिथे रंगाने लिहा आणि व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवा, प्लंबर येईपर्यंत निम्मं नुकसान तिथेच वाचतं. फ्लशची टाकी गळते का बघायचं तर टाकीत खायचा रंग टाकायचा, फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबायचं, रंग खाली भांड्यात उतरला तर गळती आहे. आणि रिकाम्या फ्लॅटमधे अधूनमधून नळ सोडायला सांगा, ट्रॅपमधलं, म्हणजे नाल्याच्या वाकड्या पाईपात साठलेलं, पाणी सुकलं की ड्रेनेजचा वास घरात येतो.

प्रतिसाद ३
कंपनी वाईटच असते असं नाही, करार नीट वाचा. त्यांची फी जमा झालेल्या भाड्यावर हवी, अजून यायच्या बाकी भाड्यावर नाही. रिपेअरिंगमधे कमिशन घेतात का ते सरळ विचारा. भाडेकरू कोण ठेवायचा हे तुमच्याच हातात राहू द्या, डिपॉझिटचे कागदपण.

मूळ प्रश्नकर्ती
वॉल्वचं याच आठवड्यात करून घेते. माणूस ठेवला तर फ्लॅटच्या चाव्या त्याच्याकडे द्यायच्या का?

प्रतिसाद १
जिना, गच्ची, मोटररूमच्या द्या. राहत्या घरांच्या नको, भाडेकरूला आधी विचारूनच आत जायचं.