नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा: सर्जनला काय विचारावं?

शेवंती२१: दांड्यावरचा उंचवटा शस्त्रक्रियेने काढून घ्यायचा आहे. शेंडा आणि नाकपुड्या आहेत तशाच हव्यात. फिलरने (भर घालणाऱ्या इंजेक्शनने) भागेल का? उजवीकडून श्वास थोडा अडतो, शिवाय चष्मा आहे. पहिल्या भेटीत काय विचारू?

माधव_का: आधी श्वासाचं बघा. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्या. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर त्याच भुलीत सरळ करतात आणि निघालेली कूर्चा (लवचिक, मऊ हाड) आधाराला कामी येते. मात्र पडद्याची वरची आणि पुढची कड निदान १ सेंमी रुंद ठेवावी लागते, नाहीतर दांडा खचतो.

उंचवट्याचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा. मोठा उंचवटा उतरवला की नाकाचं छप्पर उघडं पडतं आणि दांडा सपाट, रुंद दिसतो. म्हणून दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवतात. खरी गडबड कूर्चेत होते. तिला आधार दिला नाही तर काही महिन्यांनी नाकाचा मधला भाग आत ओढला जातो, समोरून उलटा 'व्ही' दिसतो आणि आतली झडप, म्हणजे हवेची सगळ्यात चिंचोळी वाट, अरुंद होऊन श्वास कोंडतो. त्या झडपेचा कोन मुळातच जेमतेम १० ते १५ अंशांचा! ते टाळायला पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या पट्ट्या बसवतात, त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच: मधल्या भागाला आधार कसा देणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

शेवंती२१: नुसतं कानशीने घासून होणार नाही?

माधव_का: उंचवटा हाडाचा आणि १-२ मिमीचाच असेल तर होतं. आणखी एक, भुवयांमधला भाग खोलगट असला तरी दांडा उंच भासतो. तिथे थोडी भर घातली की कमी कापावं लागतं. हनुवटी मागे असेल तरीही नाक मोठं वाटतं, म्हणून बाजूने काढलेल्या फोटोवर चर्चा करा.

डॉ_ऋता: फिलर काही काढत नाही, उंचवट्याच्या वर-खाली भर घालून तो लपवतो. टिकतो साधारण वर्षभर. चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरते, दृष्टीसुद्धा कायमची जाऊ शकते. पार्लरमध्ये तर मुळीच नको.

उघड्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद येतो, पण सगळं नजरेसमोर दिसतं. बंद पद्धतीत बाहेर व्रण नसतो. शेंडा तसाच ठेवायचा असेल तर बंद पद्धतही चालते, पण सर्जनचा हात ज्यात बसलाय तीच घ्या. सर्जन एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी या पदवीचे हवेत, नाहीतर नाकाच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले ईएनटी. शस्त्रक्रियेला वर्ष उलटलेल्या रुग्णांचे फोटो मागा. महिन्याभरातल्या फोटोंत सूज असते, त्यावरून काही ठरवू नका. विम्यात सौंदर्याचा भाग बसत नाही, पडद्याचा बसू शकतो. अंदाजपत्रक वेगवेगळं मागा.

पारिजात: शस्त्रक्रियेआधी निदान ४ आठवडे तंबाखू-सिगारेट बंद. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन कधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. नंतर साधारण ७ दिवस प्लास्टर, डोळ्यांखाली काळंनिळं, डोकं उंच ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही. चष्म्याचा भार ४ ते ६ आठवडे दांड्यावर नको. तेवढे दिवस कॉन्टॅक्ट लेन्स, नाहीतर चष्मा कपाळाला चिकटपट्टीने टांगून ठेवा. जाड कातडीत सूज उतरायला वर्षही लागतं, त्याआधी दुरुस्तीची घाई नको.