शब्दचर्चा : क्वेकर भुसार व्यापारी, गुलामगिरी आणि ‘उमेदवारी’

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी जोसेफ स्टर्ज (१७९३–१८५९) या माणसावर लेख लिहिते आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा क्वेकर, म्हणजे साधेपणा आणि शांतता मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातला, व्यापारी. उभं आयुष्य गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात घातलं. त्याखेरीज दारूबंदी, मताधिकार, प्रौढांच्या शाळा, देशादेशांतली शांतता, असं जे समोर येईल ते अंगावर घेतलं. क्रिमियाचं युद्ध टळावं म्हणून १८५४च्या हिवाळ्यात आणखी दोन क्वेकरांसोबत थेट सेंट पीटर्सबर्गला जाऊन झार निकोलसला भेटला! युद्ध टळलं नाही ते सोडा. माहिती भरपूर आहे, घोडं अडलंय शब्दांपाशी.

इंग्रजी पुस्तकं त्याला ‘कॉर्न मर्चंट’ म्हणतात. माझ्या आधीच्या एका मसुद्यात कुणीतरी ‘मक्याचा व्यापारी’ करून ठेवलंय. ते पटत नाही. ‘अ‍ॅबॉलिशन’ला निर्मूलन म्हणू, उच्चाटन म्हणू की बंदी? पण माझी खरी पंचाईत ‘अप्रेंटिसशिप’ची आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. ब्रिटिश संसदेने १८३३मध्ये वेस्ट इंडीजसारख्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तो १ ऑगस्ट १८३४पासून लागू झाला. सहा वर्षांखालची मुलं लगेच मोकळी झाली. बाकीचे सगळे मात्र त्याच मालकांकडे ‘अप्रेंटिस’ म्हणून राहायचे. शेतावर राबणाऱ्यांनी सहा वर्षं, घरकामाच्या माणसांनी चार. आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम, तेही बिनपगारी. स्टर्जने खरा झगडा दिला तो याच व्यवस्थेशी. तिला मराठीत काय म्हणायचं? ‘शिकाऊ’ लिहिलं की मनात फिटरच्या हाताखालचा पोरगा उभा राहतो.

प्रतिसाद

मका अजिबात नाही. मक्याला कॉर्न म्हणतात ते अमेरिकेत. ब्रिटनमध्ये कॉर्न म्हणजे एकूण धान्य, त्यातही गहू, बार्ली, ओट. तुम्हाला हवा तो शब्द आपल्या बाजारात तयार आहे, ‘भुसार’. मार्केट यार्डात किराणा वेगळा, भुसार वेगळा, गूळ वेगळा. ‘बर्मिंगहॅमचा भुसार व्यापारी’ म्हटलं की पोती, वजनकाटा, धान्याची धूळ सगळं आलंच. आणि कुठे ‘कॉर्न फॅक्टर’ असेल तर तो आपला अडत्या. दलाल नको, त्याला वेगळाच वास येतो.

प्रतिसाद (धागाकर्ती)

भुसार! वा. फार दिवस अडले होते. याच संदर्भात एक सांगते. दारू गाळायला जाणारं बार्ली विकणं या माणसाने तत्त्वासाठी सोडून दिलं, धंद्याला खोट बसली तरी. आणि परदेशी धान्यावरच्या जकातीच्या कायद्यांना, जे शेवटी १८४६मध्ये उठले, त्याचा विरोध होता. म्हणजे स्वतःच्या मालावर सरकारी संरक्षण नको म्हणणारा भुसारवाला. असे किती निघतील?

प्रतिसाद

उच्चाटन नको. जारण-मारण-उच्चाटनातला शब्द आहे, अजूनही त्याला तो धूर येतो. निर्मूलन म्हटलं की मुळासकट जाणं आलं; देवी रोगाचं झालं ते निर्मूलन. १८३३च्या कायद्याने मुळापासून काही उपटलं नाही, हे तर तुम्हीच वर लिहिलंय. त्यापेक्षा दोन टप्पे दोन शब्दांनी वेगळे ठेवा. १८०७मध्ये झाली ती गुलामांच्या व्यापाराला ‘बंदी’, सतीबंदी म्हणतो तशी. १८३३मध्ये गुलामगिरी ‘रद्द’ झाली. कायद्याच्या बाबतीत रद्द हा रोखठोक शब्द आहे. मराठी लेखांत या दोन सालांची कायम खिचडी झालेली असते.

प्रतिसाद

‘दास्यविमोचन’ कसं वाटतं? भारदस्त आहे.

प्रतिसाद

भारदस्त आहे म्हणूनच नको. जोतीरावांनी १८७३मध्ये पुस्तकाला नाव दिलं ते ‘गुलामगिरी’, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंच्या गुलामगिरीच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं, ही इच्छाही त्याच अर्पणपत्रिकेत आहे. त्या लोकांमध्ये क्वेकर पुष्कळ होते. ही चळवळ मराठीत पोचली ती ‘गुलामगिरी’ हा शब्द घेऊन. तो मोडून संस्कृत कशाला घडवायचं?

प्रतिसाद

एक विसरू नका. आपल्याकडे गुलाम नव्हते असा एक गोड समज आहे. पेशवाईतल्या कागदपत्रांत ‘कुणबिणी’ आणि ‘बटकी’ विकल्या-घेतल्याच्या नोंदी आहेत. तिथे कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, दासी. हे शब्द तुमच्या लेखात वापरा असं नाही, जमैकाच्या उसाच्या मळ्यातल्या माणसांना ते बसणारही नाहीत. पण ‘ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३३मध्ये संपली’ असं सरसकट वाक्य लिहू नका. कंपनी सरकारचा मुलूख त्या कायद्यातून वगळलेला होता. हिंदुस्थानात कोर्टांनी गुलामीचा हक्क मानायचा नाही, हे ठरायला १८४३चा पाचवा कायदा यावा लागला.

प्रतिसाद

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. माझं मत ‘वेठबिगारी’ला. बिनपगारी सक्तीचं काम म्हणजे वेठ. चार शब्दांत विषय संपतो.

प्रतिसाद

असहमत. अर्थ बरोबर, पण भाषांतर चूक. अप्रेंटिसशिप हा शब्द सरकारने मुद्दाम निवडला होता. त्या कायद्याच्या लांबलचक शीर्षकातच तीन गोष्टी आहेत: गुलामगिरी रद्द करणं, मुक्त झालेल्यांमध्ये उद्योगशीलता वाढवणं, आणि ज्यांचा त्यांच्या सेवेवर हक्क होता त्यांना भरपाई देणं. उद्योगशीलता! लहानपणापासून ऊस तोडत आलेल्या माणसाला कसलं शिक्षण द्यायचं होतं? पण शब्द सभ्य होता, लंडनमध्ये कानाला टोचत नव्हता. तुम्ही पहिल्याच ओळीत ‘वेठबिगारी’ लिहिलंत तर मग स्टर्जने जमैकापर्यंत जाऊन उघडं काय पाडलं? वाचकाला आधी तो सभ्य शब्द द्या, मग त्याच्या आत काय होतं ते दाखवा. माझी सूचना ‘उमेदवारी’. अमक्या वकिलाकडे, छापखान्यात उमेदवारी केली, असं जुन्या चरित्रांत पानोपानी असतं.

प्रतिसाद

उमेदवारी म्हटलं की आता निवडणुकीचा अर्ज आठवतो हो.

प्रतिसाद (धागाकर्ती)

आठवू दे. पहिल्यांदा येईल तिथे अवतरण चिन्हात घालून एका वाक्यात खुलासा करते. वेठबिगारीचं म्हणणं खोडणारा प्रतिसाद मला पूर्ण पटला. शब्दाचा खोटेपणा दिसायला हवा, आपणच तो आधी पुसून टाकायचा नाही.

भरपाईबद्दल मात्र फोड करून लिहिणार आहे. वाचक गृहीत धरतो की पैसे गुलामांना मिळाले. दोन कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांना. राबलेल्यांना छदाम नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे हप्ते ब्रिटिश करदात्यांनी २०१५पर्यंत फेडले. ‘भरपाई’ इतका सरळ शब्द इतका वाकडा वापरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता एक उतारा, कारण त्यातला एक शब्द सुटत नाहीये. स्टर्ज १८३६च्या अखेरीस टॉमस हार्वे या मित्राबरोबर वेस्ट इंडीजला गेला. आधी अँटिग्वा पाहिलं. तिथे उमेदवारी न लादता १८३४लाच पूर्ण मोकळीक दिली होती आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. मग जमैका. तिथे त्याला जेम्स विल्यम्स भेटला, सेंट अ‍ॅन भागातल्या पेनशर्स्ट मळ्यावरचा अठरा वर्षांचा ‘उमेदवार’. त्याची उरलेली मुदत पैसे भरून सोडवून स्टर्जने त्याला इंग्लंडला आणलं आणि त्याची जबानी १८३७मध्ये छापली. तो सुरुवातीलाच सांगतो की गुलाम असताना मिळत नव्हती इतकी शिक्षा नवा कायदा आल्यापासून मिळते आहे. मालकाला आता स्वतः चाबूक मारता येत नव्हता, म्हणून तो दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करी आणि दंडाधिकारी तुरुंगातल्या ‘ट्रेडमिल’वर पाठवी. हे ट्रेडमिल म्हणजे पायऱ्या बसवलेला मोठा लाकडी दंडगोल. वर आडवा दांडा, त्याला माणसाची मनगटं बांधलेली. चाक फिरतं ठेवायचं, पाय चुकला की लोंबकळायचं, आणि फिरत्या पायऱ्या नडग्यांवर आदळत राहायच्या. बायकांनाही यावर चढवत. आज ट्रेडमिल लिहिलं की लोकांना जिम दिसते. काय करू?

प्रतिसाद

आमच्याकडे कोकणात वाडीला पाणी लावायला ‘पायरहाट’ असायचा, पायांनी फिरवायचा. पण त्यावर माणूस बसून काम करतो, आणि शेवटी पोफळीला पाणी मिळतं. म्हणून तोच शब्द जसाच्या तसा देऊ नये. ‘शिक्षेचा पायरहाट’ चालेल का?

प्रतिसाद (धागाकर्ती)

चालेल काय, पळेल. ‘शिक्षेचा पायरहाट’ ठरलं. विल्यम्सच्या जबानीवरून जमैकात सरकारी चौकशी बसली आणि तिच्यात त्याचं म्हणणं बहुतांशी खरं निघालं. १ ऑगस्ट १८३८ला उमेदवारी मोडीत निघाली, शेतावर राबणाऱ्यांसाठी ठरल्याच्या दोन वर्षं आधी.

प्रतिसाद

अवांतर, पण राहवत नाही. एवढ्या थोर माणसाला ‘भेटला’, ‘गेला’, ‘सोडून दिलं याने’ असं एकेरी? ‘स्टर्ज यांनी’ लिहायला हवं.

प्रतिसाद

अहो, क्वेकर माणसाला तेच आवडलं असतं! राजा असो की गाडीवान, सगळ्यांना एकाच सर्वनामाने हाक मारायची आणि पदव्या लावायच्या नाहीत, हा त्यांचा सतराव्या शतकापासूनचा बाणा. त्यापायी तुरुंगात गेले. क्वेकर हे नावही चिडवण्यातून आलं. जॉर्ज फॉक्सने डार्बीच्या न्यायाधीशाला ‘देवाच्या शब्दापुढे कापा’ असं सुनावलं, तर तो म्हणाला, तुम्हीच ते कापणारे. संवादात मात्र जपून. मराठीत देवाला तू, आईला तू, आणि भांडणातही तू. झारला ‘तू’ म्हटलं तर एकतर लाडीक वाटेल नाहीतर उद्धट. संवादात साधं ‘तुम्ही’ ठेवा. ‘आपण’, ‘महाराज’, ‘हुजूर’ काही नको. निवेदनात एकेरी बिनधास्त चालू द्या.

प्रतिसाद

साखरेचा मुद्दा येणार असेल तर ‘बहिष्कार’ टाळा, असं सुचवते. इंग्रजीतला बॉयकॉट १८८०मध्ये आयर्लंडात जन्मला. गुलामांच्या श्रमातून आलेली साखर सोडण्याची चळवळ १७९१पासूनची. आणि आपल्या बहिष्काराला वाळीत टाकण्याचा, जातपंचायतीचा इतिहास आहे. ‘साखर वर्ज्य केली’ किंवा सरळ ‘साखर सोडली’. काशीला जाऊन आजी एखादी भाजी सोडायची, त्यातला निग्रह या शब्दात आपोआप येतो.

प्रतिसाद (धागाकर्ती)

‘साखर सोडली’ घेतलं. यात आपला एक धागा आहे. त्या काळी इंग्लंडात साखरेची भांडी मिळत, त्यांवर छापलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही. म्हणजे वेस्ट इंडीजची सोडा, हिंदुस्थानची खा. कंपनीच्या मुलखातल्या गुलामांबद्दल भांड्यावर अर्थातच अक्षर नव्हतं. वरचा १८४३चा मुद्दा इथे जोडते.

प्रतिसाद

मग ‘गिरमिट’, म्हणजे करारावरची मजुरी, तीपण येऊ द्या. उमेदवारी संपायच्या आधीच, मे १८३८मध्ये, कलकत्त्याहून निघालेली व्हिटबी आणि हेस्पेरस ही जहाजं हिंदुस्थानी मजूर घेऊन ब्रिटिश गयानाला लागली होती. मळेवाल्यांनी पुढची सोय आधीच करून ठेवली होती. गुलामगिरीविरोधकांनी त्यावरही आवाज उठवला. मॉरिशसला तर आपल्या कोकणातले लोक गेले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं गिरमिट झालं ते मजुरांच्या तोंडी.

प्रतिसाद (धागाकर्ती)

हे पुढच्या भागात घेणार आहे, कारण स्टर्ज आणि मंडळींनी १८३९मध्ये काढलेल्या ब्रिटिश अँड फॉरिन अँटी-स्लेव्हरी सोसायटीचं काम तिथूनच सुरू होतं. पण मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, ती एक वेगळीच गंमत. वेगळा धागा काढते.