अनुभव धागा : जुनाट दुखणं आणि ख्रिस्ती कथा-पुस्तकं

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर
मला संधिवात आहे. थंडीत सकाळी बोटं वळतच नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते. मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या दिवशी मळमळ. त्या दिवशी मी वाचत पडते. चर्चच्या कपाटातल्या कादंबऱ्या, साक्षीची (म्हणजे स्वतःला आलेला देवाचा अनुभव सांगणारी) पुस्तकं, हाताला लागेल ते. पण बहुतेक गोष्टींत शेवटच्या प्रकरणात प्रार्थना होते आणि नायिका चालायला लागते. पुस्तक मिटून मी उठते, गुडघा तसाच. बरं न होणाऱ्या दुखण्यात तुमच्यासोबत कोणतं पुस्तक टिकलं? ख्रिस्तीच असायला पाहिजे असं काही नाही. औषधं सुचवू नका, त्यासाठी नातेवाईक आहेत.

जालनेकर
जॉन बनियनचं 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस', स्वर्गाच्या वाटेवरच्या एका यात्रिकाची रूपककथा. यात्रिकाच्या पाठीवरचं ओझं वधस्तंभापाशी गळून पडतं, हे रविवारच्या शाळेत सगळ्यांनीच ऐकलेलं. पण ते पडतं पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात. पुढं संशयाचा किल्ला आहे, निराशा नावाचा राक्षस आहे, मोठी वाट शिल्लक आहे. मणक्याची गादी सरकल्यावर परत वाचलं तेव्हा हे ध्यानात आलं. पहिला भाग 1678 चा. 1684 च्या दुसऱ्या भागात कुबड्या घेतलेला एक लंगडा यात्रेकरू आहे. तो कुठंच बरा होत नाही. राक्षस मेल्यावर सगळे नाचतात तेव्हा हाही नाचतो, एका हातात कुबडी धरूनच, आणि लेखक म्हणतो की चांगला नाचला. कुबड्या सुटतात त्या थेट मरणाच्या नदीकाठी. आमच्या पाळकांनी या माणसावर कधी प्रवचन केलेलं मला आठवत नाही. करायला पाहिजे.

परभणीची
लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. वडिलांच्या सोवळ्याचे किस्से वाचताना हसून बरगड्या दुखल्या. ते दुखणं चालतंय.

किल्लारीकडची
मी माळकरी घरातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात भिंत कमरेवर आली, तेव्हापासून कंबर धड नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई ख्रिस्ती होती, तिनं बायबलातली स्तोत्रसंहिता वाचायला दिली. 88 वं स्तोत्र वाचून मी दचकले. बाकीची रडगाणी शेवटी वळण घेतात, देवाचं स्तवन करतात. हे घेतच नाही, अंधारातच संपतं. एवढं कडू पवित्र ग्रंथात ठेवलंय म्हणल्यावर मला बरं वाटलं. आमचे तुकोबा बी देवाशी भांडतातच की. आणि बायबलातल्याच त्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र! पहिले सात दिवस, सात रात्री नुसते जवळ बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. भेटायला येणारांना तेवढंच पान वाचायला द्यावं वाटतं.

नांदेडकर
शुगरमुळं पायांची रात्रभर आग होते, आणि चपलेत खडा गेला तर कळत नाही. दोन्ही एकाच पायात. मुलीनं डॉ. पॉल ब्रँड यांचं वेदनेवरचं इंग्रजी पुस्तक आणलं, फिलिप यान्सींबरोबर लिहिलेलं, 1993 चं. ब्रँड वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करायचे. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, माणसाला भाजल्याचं, कापल्याचं समजत नाही, आणि त्या जखमांनी बोटं जातात. म्हणून ते वेदनेला देणगी म्हणतात. रात्री दोन वाजता मला ही देणगी परत करावी वाटते, पण तेव्हापासून रोज झोपताना आरशात तळपाय बघतो. भक्तीपेक्षा या पुस्तकाचा उपयोग मला असा झाला.

बीडची मावशी
सगळ्यांचं वाचलं. मला मात्र बरं होणाऱ्याच गोष्टी आवडतात. दिवसभर खरंच तर भोगतो आपण.

धागाकर्ती
मावशी, तुमचंही बरोबर. मग बायबलातलं पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, 12 वा अध्याय तुमच्यासाठी नाही. पौल शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवतो आणि काटा राहतोच. जालनेकर, तो दुसरा भाग मराठीत मिळतो का?

जालनेकर
माझ्याकडं इंग्रजीच आहे, झेरॉक्स पाठवतो. जाड पुस्तक हातात धरू नका, मनगट जातं. पोथी ठेवायचं लाकडी स्टँड घ्या.

परभणीची
आणि पान उलटायला रबराची टोपी, बँकेत नोटा मोजताना बोटात घालतात ती. स्टेशनरीच्या दुकानात मिळते.