मोरपिसाचं देवक ब्रिटिश पद्धतीच्या कुलचिन्हात कसं बसवावं?

सांजवारा: लंडनमधल्या मराठी कुटुंबासाठी ढालीचं कुलचिन्ह करून घ्यायचं आहे. देवक मोराचं पीस. म्हणून निळ्या ढालीवर हिरवं पीस, शेजारी काळी तलवार, वर तांबडा सूर्य, खाली आडनाव असा आराखडा आहे. काय बदलावं?

दवात: आधी रंग बदला. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’. निळा, तांबडा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. रंगावर रंग चढवत नाहीत, धातूवर धातू चढवत नाहीत. तुमचं सगळंच रंगावर रंग आहे, लांबून ढाल नुसती काळपट दिसेल. वस्तू नैसर्गिक रंगात दाखवली तर नियमातून सूट मिळते, पण निळ्यावर हिरवं उठून दिसणार नाही ते नाहीच. सोनेरी ढालीवर तीन निळी पिसं घ्या. तीन म्हटलं की दोन वर, एक खाली. तलवार आणि सूर्य काढाच, देवकाकडे लक्ष राहू द्या. पिसाचा डोळा ठसठशीत हवा, तंतू मोजके. बारीक तंतू लहान शिक्क्यात बुजतात आणि पीस पानासारखं दिसायला लागतं.

कोरीवकाम: शिक्का एकरंगी असतो, तिथे रंग रेघांनी दाखवतात: निळ्याला आडव्या, तांबड्याला उभ्या, सोनेरीला ठिपके, रुपेरी कोरा. साचा उलटा कोरायचा हे कारागिराला आधीच सांगा. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी.

सर जमशेटजी जीजीभाईंचं चिन्ह जरूर पाहा. १८५७ साली ते बॅरोनेट झाले, म्हणजे त्यांना वंशपरंपरागत ब्रिटिश किताब मिळाला. ढालीवर मुंबईजवळच्या घाटामागून उगवणारा सूर्य, वर दोन उडत्या मधमाश्या. शिरोभागी, म्हणजे ढालीच्या वरच्या चिन्हात, मोर, त्याच्या चोचीत गव्हाची ओंबी. ब्रीद ‘उद्योग आणि औदार्य’. मधमाश्या का, हे ब्रीद वाचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

सांजवारा: आभार! आडनावाचं तयार चिन्ह विकणारे बरेच दिसतात, ते घ्यावं का?

दवात: नको. चिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. इंग्लंडमध्ये कॉलेज ऑफ आर्म्सकडे, म्हणजे कुलचिन्हं देणाऱ्या अधिकृत संस्थेकडे जा. तिच्यावर देखरेख करणाऱ्या अर्ल मार्शल या अधिकाऱ्याच्या नावे विनंतीअर्ज जातो, मंजुरीनंतर आराखडा ठरतो आणि लेटर्स पेटंट, म्हणजे चिन्ह दिल्याची अधिकृत सनद मिळते. स्कॉटलंडला हेच काम पाहणाऱ्या लॉर्ड लायन या अधिकाऱ्याकडे. ढालीखाली आडनाव नको, पट्टीवर ब्रीद लिहा, मराठीतही चालतं. इंग्लंडमध्ये ब्रीद पुढे बदलता येतं, स्कॉटलंडमध्ये मात्र ते मंजुरीचाच भाग असतं.