स्कॉटलंडच्या मेरी राणीचं १५६६ चं रायल (चांदीचं जुनं नाणं) घेतलंय, खरं की साच्यात ओतलेलं नकली?

मंडळी, जरा मदत पाहिजे. नाण्यांचा नाद जुना, आजोबांच्या डब्यातल्या शिवराया बघून लागलेला, आता नोकरीमुळे एडिनबराला आहे तर इथल्या जुन्या चांदीच्या मागे लागलो. गेल्या महिन्यात एका बाजारात मेरी राणीचं रायल दिसलं, ६०० पाउंड. भाव कमी वाटला तेव्हाच गप घरी यायला हवं होतं, पण घेतलं, आणि बायको अजून नीट बोलत नाहीये.

नाणं मेरी आणि तिचा नवरा डार्नली दोघांच्या नावाचं, ३० शिलिंगचं. एका बाजूला मुकुटवाली ढाल, दुसरीकडे पामचं झाड आणि खोडावर चढणारं कासव. कासव म्हणजे बायकोच्या जिवावर वर चढणारा डार्नली, असा अर्थ बरेच जण लावतात (मला पटतो 😄). १५६७ च्या फेब्रुवारीत त्याचा खून झाला नि जुलैत राणीची गादीच गेली. पुढे १५७८ मध्ये मुलगा जेम्सच्या राज्यात याच नाण्याची किंमत ३६ शिलिंग ९ पेन्स केली आणि वर थिसलचा (स्कॉटलंडचं चिन्ह असलेल्या काटेरी फुलाचा) छोटा ठसा मारून दिला.

माझ्या नाण्यावर झाडाशेजारी तो ठसा आहे पण त्याच्या बरोबर मागे ढाल जराही चपटी झालेली नाही. एवढा ठसा हातोडीनं मारला तर मागे काहीच होणार नाही? वजन २९.२ ग्रॅम, मूळ साडेतीसच्या आसपास असतं, झीज धरली तर ठीक. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून त्यात नाणं टांगून बघितलं तर काटा ३.१ ग्रॅमनं वाढला, म्हणजे घनता ९.४, आणि या चांदीची १०.३ च्या जवळ पाहिजे. फसलो का?

प्रतिसाद: लगेच रडू नका. अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, बारीक दोऱ्यानं टांगा, तीनदा मोजा. पण घनता बरोबर आली तरी ओतीव चांदीचं असू शकतं, तेव्हा कडा भिंगातून बघा, साच्याची रेघ किंवा कानस मारल्याच्या खुणा दिसतात का. आणि पॉलिश बिलकुल लावू नका!!

धागाकर्ता: साबणाचं काम झालं, तिन्ही वेळा २.८ आलं, म्हणजे घनता १०.४, चांदी तरी आहे. पण कडेला एक बारीक रेघ आहे हो, जवळजवळ अर्ध्या नाण्याला. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.