हम्बोल्ट पेंग्विन: अंड्यापासून पिल्लू पाण्यात उतरेपर्यंत काय काय सांभाळतात?

चिंबोरी (प्रश्न)
राणीच्या बागेत १५ ऑगस्ट २०१८ ला पेंग्विनचं पहिलं पिल्लू जन्मलं आणि आठवड्याभरात गेलं. पोटातला बलक जिरला नाही आणि यकृत नीट चाललं नाही, असं कारण तेव्हा जाहीर झालं होतं. २०२१ मध्ये मात्र ओरिओ आणि ऑस्कर ही दोन पिल्लं जगली, त्यानंतर आणखीही झाली. बलक जिरत नाही तेव्हा नेमकं काय घडतं? ते टळावं म्हणून घरटं, उबवण आणि पहिले काही दिवस यांत काय पाहावं लागतं? 'एसी लावला की झालं' यापलीकडचं सविस्तर हवं आहे.

टिटवी
आधी बलकाचं. अंड्यातून बाहेर यायच्या जरा आधी उरलेला बलक नाळेच्या वाटेनं पिल्लाच्या पोटात ओढला जातो. पहिले पाच-सात दिवस तीच त्याची शिदोरी. उबवण कमीजास्त तापमानात झाली, नाळ ओली राहून जंतू आत गेले किंवा पिल्लू मुळातच अशक्त असलं, तर बलक जिरत नाही. तो आत नासतो आणि विष रक्तात जातं. पोट तट्ट फुगतं, पिल्लू चोच वर करून मागत नाही, वजन थांबतं. हे दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, म्हणून सगळा भर आधीच्या काळजीवर.

मादी तीन-चार दिवसांच्या अंतरानं दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीनं बसतात आणि साधारण ४० दिवस लागतात. अंड्यावर तारीख पेन्सिलीनंच लिहायची. कवचाला छिद्रं असतात, मार्करची शाई आत झिरपते. सातव्या दिवसाच्या सुमारास अंधारात विजेरी लावून पाहिलं की फळलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. स्वच्छ दिसलं तर वांझ. यंत्रात उबवायची वेळ आली तर ३६ अंशांच्या आसपास ठेवतात. कक्षातली हवा १६ ते १८ अंश असते, पण अंड्याला लागते ती आईबापाच्या पोटाखालची ऊब. जोडी सारखी उठवली गेली की अंडं गार पडतं, त्यामुळे त्या काळात घरट्याजवळ एकच ओळखीचा रखवालदार जावा.

कवचाला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला २४ ते ४८ तास लागतात. इथेच माणसांचा धीर सुटतो आणि कवच सोलायला जातात. त्या वेळी रक्तवाहिन्या अजून चालू असतात, बलक पूर्ण आत गेलेला नसतो. घाई केली तर रक्तस्राव होतो नाही तर नाळ उघडी राहते. ४८ तासांत काहीच पुढे सरकलं नाही, तरच पशुवैद्यानं हात घालावा. पिल्लू बाहेर आल्यावर पातळ पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) नाळेवर लावायचं आणि ती सुकली का, ते रोज पाहायचं.

घरट्याची पेटी बिळासारखी, एकाच तोंडाची, तळाला पाणी निथळायला भोकं. आत गोटे आणि सुक्या काटक्या. गवत किंवा पेंढा अजिबात नको. ओलसर पेंढ्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते, आणि पेंग्विनची फुप्फुसं तिला फार लवकर बळी पडतात. मुंबईच्या दमट हवेत तर हवा गाळून फिरवत ठेवण्याला तापमानाइतकंच महत्त्व द्यायला हवं. डासांसाठी दुहेरी दार हवंच. पक्ष्यांचा मलेरिया पेंग्विनच्या जिवावर बेततो.

मांदेली
खाण्याचं राहिलं. जन्मवजन साधारण ६० ते ९० ग्रॅम. हातानं भरवायची वेळ आली तर एका वेळी वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त द्यायचं नाही, म्हणजे ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ मिली. पहिल्या दिवशी फक्त पाणी-क्षार, मासळीचं मिश्रण नंतर. बलक जिरायच्या आत पोट भरण्याचा आग्रह धरला की तोच त्रास ओढवतो. वजन रोज सकाळी, पहिल्या घासाआधी, एकाच काट्यावर. एखाद्या दिवशी थोडं घटलं तर लगेच घाबरू नका. सलग दोन दिवस घटलं तर पशुवैद्याला बोलवा.

आईबाप भरवत असतील तर त्यांच्या मासळीकडे बघा. गोठवलेल्या माशातलं ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी होतं, आणि तारलीच्या कुळातल्या बऱ्याच माशांत ते मोडणारं एन्झाइम असतं. म्हणून दर किलो मासळीमागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन आणि १०० युनिट ई जीवनसत्त्व, गोळी माशाच्या कल्ल्यात सारून. मासळी फ्रीजमध्येच विरघळू द्यायची. बांगडा उघड्यावर ठेवला तर त्यात हिस्टामिन हे विषारी द्रव्य तयार होतं, ते शिजवूनही जात नाही.

दुसरं पिल्लू उशिरा फुटतं आणि मागे पडतं. पहिलं भरवून झाल्यावर त्याला क्षणभर बाजूला घ्यावं, म्हणजे धाकट्याला घास मिळतो.

चिंबोरी
आणि पाण्यात कधी सोडतात?

मांदेली
पिल्लाची लव पाणी धरते, त्यामुळे तळ्यात पडलं तर भिजून गारठतं किंवा बुडतं. लव पूर्ण झडून पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण ७५ ते ९० दिवस, कठड्याआड ठेवायचं. पुढे उतरत्या काठाच्या उथळ पाण्यात आधी सवय करतात. नर की मादी हे बाहेरून कळत नाही, रक्ताच्या थेंबावरून किंवा पिसावरून डीएनए तपासतात. ते वेळेवर करून घ्या, पुढच्या जोड्या त्यावरच ठरतात.

वंशवेल
जोड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण पिल्लू जगलं की सगळे टाळ्या वाजवतात आणि हे मागे राहतं. २०१६ मध्ये सोलहून ८ पक्षी आले, त्यातला एक त्याच वर्षी गेला. सगळी पिल्लं उरलेल्या सातांचीच. पेंग्विन बहुतेक जोडीदार धरून राहतात, म्हणजे त्याच दोन-तीन जोड्या पुन्हा पुन्हा पिल्लं देणार आणि तीन-चार वर्षांत ती भावंडं एकमेकांशी जुळणार. माझं स्पष्ट मत आहे की बाहेरचं रक्त येईपर्यंत सगळीच अंडी उबवू देऊ नयेत. पंखावरच्या पट्टीचा क्रमांक, आईबाप, जन्मतारीख यांची वंशनोंद ठेवावी. ज्या जोडीची पिल्लं पुरेशी झाली, तिची अंडी घातल्याबरोबर काढून त्याच आकाराची नकली अंडी ठेवावीत. अंडी नुसती उचलली तर मादी पुन्हा घालते आणि तिचं कॅल्शियम संपतं. नकली अंड्यावर जोडी पूर्ण मुदत बसते, मग आपणच उठते.